घर लागलं, पण 26 किलोमीटरवर

वाचकांचं पत्र

नमस्कार.

गेली नऊ वर्षं आम्ही सरकारी घरांच्या सोडतीत अर्ज भरतोय. यंदा नंबर लागला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत, लिफ्ट. आत्ता आम्ही चौघं, म्हणजे मी, मिस्टर, सासूबाई आणि दहावीतली मुलगी, भाड्याच्या एका खोलीत राहतो. संडास चार घरांत मिळून एक. खरं तर मी नाचायला हवं.

पण घर शहराच्या टोकाला आहे, आत्ताच्या जागेपासून 26 किलोमीटरवर. सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन संकुलापासून 4 किलोमीटर. मधे एक बस आहे, तासाला एक, शेवटची रात्री 9 ला. मिस्टर एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाळ्यांवर काम करतात. दुसरी पाळी रात्री 10 ला सुटते. मी दोन छोट्या कार्यालयांत अर्धा-अर्धा दिवस हिशेब लिहिते. दोन्हीकडे चालत जाते आणि मधल्या वेळात घरी येऊन सासूबाईंचं जेवण, औषध बघते.

मिस्टर म्हणतात, डोळे मिटून होकार दे, कर्ज काढून चारचाकी घेऊ, लोक रोज तास-दोन तास जातातच की. सासूबाई काहीच बोलत नाहीत. मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी हिशेब मांडला: रोज गाडीने ये-जा केली तर एकट्या बाबांचा महिन्याला सुमारे 200 किलो कार्बन डायऑक्साइड. वर म्हणाली, "आत्ता आपण जवळजवळ शून्यावर आहोत, आई." त्यावरून घरात वाद झाला. एवढं घर मिळत असताना मी उगीच कटकट करतेय का? होकार कळवायला सहा आठवडे आहेत.

– नंबर लागलेली, तरी अडकलेली

उत्तर

ताई,

आधी अभिनंदन. नऊ वर्षं अर्ज भरत राहायला चिकाटी लागते, आणि घरात स्वतःचा संडास असणं ही काही चैन नव्हे. तुम्ही कटकट करत नाही आहात. जो विचार जागा ठरवणाऱ्यांनी जागा ठरवताना करायला हवा होता, तो तुम्ही होकार देण्याआधी करताय, इतकंच.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. घर हातचं घालवू नका. चारचाकीचं कर्ज मात्र काढू नका. आणि नियमांत बसत असेल तर मुलीची परीक्षा होईपर्यंत मुक्काम हलवू नका. हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: स्टेशन आणि संकुल यांच्यामधल्या त्या 4 किलोमीटरांचं काय करायचं. तुमचं घोडं 26 किलोमीटरांवर नाही, या चारांवर अडलंय. ते सुटले नाहीत तर माझं मतही बदलेल.

एक गंमत बघा. पत्रात तुम्ही अंतरं सगळी लिहिलीत, ती कापायला लागणारा वेळ कुठेच लिहिला नाहीत. आपण सगळेच असं करतो. माहितीपत्रकावरही "स्टेशनपासून फक्त 4 किलोमीटर" असंच छापलेलं असतं. पण माणूस जगतो तो वेळात. बस तासाला एक असेल तर सकाळी तुम्ही घड्याळ बघून निघाल, ते जमेल. परतताना मात्र गाडी स्टेशनात शिरायची आणि बस सुटायची वेळ जुळेलच असं नाही, म्हणजे सरासरी अर्धा तास थांब्यावर. त्यात बसची पंधरा-वीस मिनिटं, रेल्वेची पाऊण तासाच्या आसपास, पुढे चालणं. एका वेळचे पावणेदोन तास धरा. आज तुम्ही कामावर चालत पोचता. म्हणजे रोजचे तीन तास तरी नव्याने जाणार. महिन्याचे 25 कामाचे दिवस धरले तर 75 तास, म्हणजे सलग तीन दिवस-रात्रींहून जास्त. "लोक जातातच की" हे खरं आहे. जातात, कारण दुसरा इलाज नसतो. त्यांना बरं वाटतं म्हणून नव्हे.

यावर अभ्यासही झालेत. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या हजारो माणसांची अनेक वर्षांची माहिती तपासून 2008 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न साधा होता. माणूस लांबचा प्रवास पत्करतो तो जास्त पगारासाठी किंवा चांगल्या घरासाठी, तेव्हा शेवटी हिशेब बरोबरीत सुटायला हवा. तो सुटत नव्हता. प्रवास जितका लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. माणसाला नवी खोली दिसते, आवडते, आणि थोड्या दिवसांत सवयीची होते. थांब्यावर उभं राहणं काही सवयीचं होत नाही, कारण ते रोज वेगळं छळतं. आज गर्दी, उद्या उशीर, परवा पाऊस.

आता तुमच्या मिस्टरांच्या बाजूनेही बोलते, कारण त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. पक्क्या घराचे फायदे खरे आहेत आणि ते बाईच्या वाट्याला जास्त येतात. दक्षिण आफ्रिकेत झोपडवस्तीतून सरकारी घरात गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास झाला, तेव्हा बायकांची कमाई वाढलेली दिसली. घरात नीट सोयी आल्या की घरकामात जाणारा वेळ वाचतो, आणि तो वेळ पगारी कामाला मिळतो, असं त्यामागचं स्पष्टीकरण. संडासाच्या रांगेतला, पाणी भरण्यातला, "भाडेकरार संपला, आता पुढे काय" या काळजीतला तुमचा वेळ कधी मोजलात तर तोही थोडाथोडका निघणार नाही. नव्या घराच्या खात्यावर ही जमा प्रामाणिकपणे लिहा. मग त्या रकान्याशेजारी ते 75 तास लिहा. बेरीज-वजाबाकी तुमचं रोजचंच काम आहे.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट आहे जी मिस्टरांच्या हिशेबात आलेलीच दिसत नाही. त्यांचा प्रवास सरळ आहे: घर, काम, घर. तुमचा तसा नाही. घर, पहिलं कार्यालय, घर, सासूबाईंचं औषध, दुसरं कार्यालय, वाटेत बाजार, मग घर. बहुतेक बायकांचा दिवस असाच छोट्या-छोट्या फेऱ्यांनी जोडलेला असतो. सरळ प्रवास लांबला तर त्रास होतो, असा जोडलेला प्रवास लांबला तर तो तुटतो. 26 किलोमीटरवरून तुम्ही दुपारी घरी येऊ शकणार नाही. म्हणजे दोनपैकी एक काम सुटेल, किंवा सासूबाई दुपारभर एकट्या राहतील. "तास-दोन तास" या शब्दांत हे कुठेच येत नाही, आणि घरातल्या वादात तुमची बाजू लंगडी पडली असेल तर ती यामुळेच. हे एकदा कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. भांडायला नव्हे. त्यांना बहुधा खरोखरच माहीत नसेल.

सासूबाई बोलत नाहीत, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. कारण सोडतीच्या घरांवरचा एक अभ्यास मला माहीत आहे, तो नेमका याबद्दल आहे.

अहमदाबादेत 1987 मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी घरांची सोडत निघाली. घरं चांगली होती, पण शहराच्या मध्यापासून सुमारे 12 किलोमीटर लांब. 14 वर्षांनी संशोधकांनी जिंकलेल्या आणि न जिंकलेल्या, अशा दोन्ही कुटुंबांना गाठलं. चिठ्ठी निघणं हे नशीब असल्यामुळे दोन्ही गट मुळात सारखेच होते. निष्कर्ष असा: जिंकलेल्यांपैकी 34 टक्के कुटुंबं तिकडे राहायला गेलीच नव्हती आणि 32 टक्के जाऊन पुढे निघून आली होती. जिंकलेल्यांची घरं सुधारली होती, पण कुटुंबाच्या कमाईत किंवा मुलांच्या प्रगतीत फरक सापडला नाही. उलट ती कुटुंबं नातेवाइकांपासून, आपल्या माणसांपासून तुटली होती. अडीनडीला उसने पैसे कोणाकडे मागायचे, आजारपणात कोणाला हाक मारायची, ही माणसं मागे राहिली होती.

12 किलोमीटरवर हे झालं. तुमचं अंतर दुपटीहून जास्त आहे. सासूबाईंना स्वतः विचारा. "तुम्हाला चालेल ना?" असं नको, त्याला त्या "हो" म्हणतील. "दुपारी तुमच्याजवळ कोण येऊन बसतं? बरं नसलं तर कोणाला सांगता?" असं विचारा. त्या उत्तरात जी नावं येतील, ती नव्या पत्त्यावर नसतील. त्यांच्या जागी तिथे कोण, याचं काहीतरी उत्तर हातात घेऊनच निघा.

मुलीच्या परीक्षेपर्यंत थांबा म्हणाले, त्यालाही कारण आहे. चिलीमध्ये 1979 ते 1985 या काळात झोपडवस्त्या हटवून लोकांना घरं दिली गेली. काही कुटुंबांना होती त्याच जागी, काहींना लांब शहराच्या कडेला. घर दोघांनाही मिळालं, फरक फक्त जागेचा होता. मोठी झाल्यावर लांब पाठवलेल्या मुलांची कमाई जागीच राहिलेल्यांपेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी कमी भरली, शिक्षणही साधारण अर्ध्या वर्षाने कमी. तुमच्या मुलीचं असंच होईल असं मी अजिबात म्हणत नाही. तुमची परिस्थिती वेगळी, काळ वेगळा. पण "घर मिळालं की मुलांचं आपोआप चांगलं होतं" हे गृहीत धरू नका. अकरावीचं कॉलेज कुठे, तिथे कशी जाणार, संध्याकाळी किती वाजता परत येणार, हे आजच बघून ठेवा.

आता कन्येच्या 200 किलोंकडे येऊ. हिशेब तपासला, बरोबर आहे. जाऊन-येऊन 52 किलोमीटर, 25 दिवस, म्हणजे 1300 किलोमीटर. गाडी लिटरला 15 किलोमीटर देते असं धरलं तर जवळपास 87 लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे महिन्याला 200 किलो, वर्षाला 2.4 टन. कोळशावर बनलेल्या एक युनिट विजेमागे साधारण एक किलो धरतात, तेव्हा हा धूर अशा 200 युनिट विजेइतका झाला. म्हणून संकुलाच्या गच्चीवर सौर पॅनेल आणि दारात "हरित इमारत" असा फलक दिसला तर हुरळून जाऊ नका. जिना उजळवणाऱ्या दिव्यांची वीज वाचवायची आणि प्रत्येक कुटुंबाला गाडी घ्यायला लावायची, हा हिरवेपणा मला कळत नाही.

तिला आणखी दोन ओळी मांडायला सांगा. पहिली: बाबा तेच अंतर दुचाकीवरून गेले तर? लिटरला 50 किलोमीटर धरले तर 26 लिटर, म्हणजे 60 किलो. दुसरी: दुचाकी फक्त स्टेशनपर्यंत, पुढे रेल्वे? दिवसाला 8 किलोमीटर, महिन्याला 200, म्हणजे 4 लिटर, म्हणजे 9 किलोंच्या आसपास. रेल्वेचा वाटा त्यात मिळवायचा, पण तो शेकडो प्रवाशांत विभागला जातो. घर तेच, माणूस तोच, अंतर तेच. 200, 60 किंवा 9 आणि थोडं वर. वाद घरावरून झाला, पण आकडा ठरतोय तो या मधल्या 4 किलोमीटरांवर. म्हणून मी सारखी तिथेच येतेय.

आणि तिला हेही सांगा की या कार्बनचं ओझं आईबाबांच्या डोक्यावर टाकू नकोस. सरकारी घरं गावाच्या टोकाला का जातात? तिथे जमीन स्वस्त असते आणि यंत्रणेचं काम किती घरं बांधली यावर मोजलं जातं, त्या घरांतून माणसं कामावर किती वेळात पोचतात यावर नाही. जमिनीत वाचलेले पैसे यंत्रणेच्या खात्यात दिसतात. त्यापायी जाणारे तास, पेट्रोल आणि धूर कुठल्याच सरकारी खात्यात दिसत नाहीत, ते तुमच्या घरखर्चात येतात. बाजारातून घर घेणारा निदान जागा निवडतो. सोडतीत निवड चिठ्ठी करते.

यावर कोणी म्हणेल, ज्याला गाडीची हौस तो कुठेही राहिला तरी गाडी घेणारच. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हे तपासून झालंय. तिथेही परवडणारी घरं सोडतीने देतात, म्हणजे कोणाला कुठली इमारत हे नशीब ठरवतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या इमारतींत पार्किंग अजिबात नव्हतं तिथल्या 38 टक्के कुटुंबांकडे गाडी होती, आणि घरटी किमान एक जागा होती तिथे 81 टक्क्यांहून जास्त कुटुंबांकडे. माणसं सारखीच, इमारत वेगळी. पार्किंगवाल्या घरांतली माणसं बस-रेल्वे सोडून गाडीकडे वळली होती, आणि तरीही नोकरी मिळण्याच्या बाबतीत त्यांना काही वेगळा फायदा झालेला दिसला नाही. तुमच्या ताबापत्राबरोबर पार्किंगची जागा मिळणार असेल तर मिस्टरांना ती रिकामी बघवणार नाही. हा मोह ओळखून ठेवा.

(त्या अभ्यासात दुसरंही एक आलंय: बस-रेल्वे हाताशी आहे का, चालायला-सायकलला जागा आहे का, यानेही लोकांच्या सवयी बदलतात. पण पार्किंगचा परिणाम ठळक.)

चारचाकी नको म्हणण्याचं माझं कारण मात्र केवळ धूर नाही. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने एक साधा ठोकताळा रुळवला. घराचा खर्च उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत आहे का, एवढंच बघून घर परवडतं असं म्हणू नका. घर आणि प्रवास मिळून 45 टक्क्यांच्या आत बसतंय का ते बघा. अमेरिकेतला आकडा तुमच्याकडे जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण रीत अचूक आहे. आजचं भाडं आणि आजचा प्रवासखर्च एका बाजूला लिहा. तुमचा प्रवासखर्च जवळजवळ शून्य आहे. दुसऱ्या बाजूला घराचा हप्ता, देखभाल खर्च, पास, आणि गाडी घेतलीत तर तिचा हप्ता, विमा, पेट्रोल, दुरुस्ती. तुमचं एक काम सुटणार असेल तर उत्पन्नातून तो पगारही वजा करा. अनुदानातलं घर गाडीच्या हप्त्यापायी महाग झालेलं तुम्हाला स्वतःच्या अक्षरात दिसेल. तुमच्या हातची बेरीज आहे म्हटल्यावर मिस्टर ती मानतील.

मग रात्री 10 च्या पाळीचं काय? बस 9 ला बंद. इथे मी सोवळेपणा करणार नाही. एक दुचाकी घ्यावी लागेल, शक्यतो विजेवरची, आणि ती स्टेशनच्या वाहनतळावर ठेवायची. तिने संकुल ते स्टेशन एवढंच जायचं. रात्री दहानंतर 26 किलोमीटर दुचाकी चालवत येणं मला कार्बनपेक्षा जिवाच्या दृष्टीने जास्त नको वाटतं. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घातलेला माणूस तो. रुग्णालयात पाळी बदलून मिळते का हेही विचारू दे त्यांना. घर बदलणं हे पाळी बदलून मागायला चांगलं निमित्त आहे.

आणि हे सगळं अगदी सुरुवातीपासून. घर बदललं की प्रवासाच्या जुन्या सवयी मोडतात आणि नव्या अजून बसलेल्या नसतात. ही फट साधारण तीन महिने उघडी राहते असं सवयींचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्या तीन महिन्यांत तुम्ही जसे जाल-याल, तसेच पुढे जात राहाल. पहिल्याच आठवड्यात गाडी दारात आली तर रेल्वेचा पास कधीच निघणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. येत्या आठवड्यात कामाच्या दिवशी दोघं रजा टाका आणि तो प्रवास करून बघा. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळंच छान दिसतं. सकाळी संकुलातून निघाल्यासारखं निघायचं, म्हणजे आधी तिथे पोचायचं आणि तिथून गर्दीच्या वेळेला कामावर यायचं. मिस्टरांनी रात्री 10 ला रुग्णालयाच्या दारातून निघून परत तिकडे जायचं. थांब्यावर बसचं वेळापत्रक लावलंय का, दिवा आहे का, बसायला काही आहे का, रस्त्याला पदपथ आहे का की ट्रकच्या बाजूने चालायचं, बघा. सासूबाईंना एकदा दुपारी घेऊन जा. लिफ्ट बंद असेल तर किती मजले, औषधाचं दुकान किती पावलांवर, दवाखान्यात डॉक्टर रोज असतो की आठवड्यातून एकदा. एखाद्या इमारतीत लोक आधीच राहायला आले असतील तर त्यांना भेटा आणि एवढंच विचारा: "तुमच्या मजल्यावरची किती दारं बंद आहेत?" दारं बरीच बंद असतील तर कारण बहुतेक तो रस्ताच. मेक्सिकोत शहरांपासून लांब-लांब सरकारी कर्जाच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यातली कितीतरी घरं लोकांनी तशीच सोडून दिली. 2010 च्या जनगणनेत तिथे देशभरात सुमारे 50 लाख घरं रिकामी सापडली. सगळी अशा वसाहतींतली नव्हती, पण या वसाहतींचा वाटा मोठा होता.

दुसरं काम एकट्याने होणार नाही. सोडतीतल्या बाकीच्या विजेत्यांना गाठा, त्यांचा एखादा गट एव्हाना फोनवर असेलच. तुमचा हिशेब लिहिण्याचा हात तिथे कामाला येईल. कोण कुठे कामाला जातं, किती वाजता निघतं, किती वाजता परततं, याचा एक तक्ता करा. पन्नास कुटुंबं 10 ते 11 च्या दरम्यान स्टेशनवर उतरतात हे कागदावर दिसलं की शेवटची बस 11 ची करा, असा अर्ज देता येतो. नुसतं "बस वाढवा" म्हटलं तर फाइल पडून राहते. लेकीचा तक्ताही सोबत जोडा: 400 कुटुंबांनी एकेक गाडी घेऊन असाच प्रवास केला तर महिन्याला 80 टन. तुमच्या संकुलात किती घरं आहेत तो आकडा तिथे घाला.

आणि मागताना संकोच करू नका, कारण तुम्ही जगावेगळं काही मागत नाही. व्हिएन्नात झेश्टाट हे नवं उपनगर वसवलं, त्यात अनुदानित घरं मोठ्या प्रमाणावर आहेत. तिथे मेट्रो ऑक्टोबर 2013 मध्ये पोचली आणि पहिले रहिवासी 2014 मध्ये राहायला आले. आधी मेट्रो, मग माणसं, हा क्रम मुद्दाम ठेवलेला. हाँगकाँगमध्ये टोकाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांना कामाला किंवा मुलाखतीला जाता यावं म्हणून 2007 मध्ये प्रवासभत्त्याची योजना सुरू झाली. कॅलिफोर्नियात तर कारखान्यांकडून कार्बनपोटी वसूल केलेल्या पैशांतला हिस्सा बस-रेल्वेजवळ परवडणारी घरं बांधायला दिला जातो. गरीब कुटुंबाला स्टेशनजवळ घर देणं हे धूर कमी करण्याचंच काम आहे, हे त्यांनी कायद्यातच मान्य केलंय.

सहा आठवड्यांपैकी पहिला संपायच्या आत गृहनिर्माण कार्यालयात जा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा. होकार आता देऊन ताबा परीक्षेनंतर घेता येतो का? नकार दिला तर पुढच्या सोडतीतला हक्क राहतो की नाव कायमचं जातं? आणि त्याच योजनेत जवळच्या ठिकाणी घर रिकामं झालं तर बदली मिळते का, मिळत असेल तर तिचा अर्ज केव्हा करायचा? खिडकीवरचा माणूस तोंडी काहीही सांगेल, त्यावर जाऊ नका. अर्जाची पोच घ्या, त्यावर तारखेचा शिक्का बघा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर ताबा घेतल्याच्या दिवशीच बदलीचाही अर्ज टाका. आणि मंगळवारी-बुधवारी केव्हातरी मिस्टर त्या रात्रीच्या फेरीला जाऊन आले, की वाहनकर्जाचा विषय तुम्ही काढू नका. तेच काढतात का बघा.